सोळा मिनिटांची नोंद

“समजा,” ती म्हणायची, आणि समोरचा हातातलं काम खाली ठेवायचा. “समजा, तुमचं हे यंत्र आत्ता, या घटकेला, ठप्प झालं. पुढे?”

या एका शब्दावरून अख्ख्या धुलाई कारखान्याने तिचं नाव पाडलं होतं समजाताई. तिची नक्कल सगळ्यांनाच यायची. मान जरा डावीकडे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पेन कानामागे, आणि आवाज असा, की तुमच्या घराला आग लागलीय हे सांगायला आलीय, पण घाई काहीच नाही. बॉयलरवाले काका तर तिच्या तोंडावर करायचे. “समजा, मी आत्ता शिंकलो. पुढे?”

“पुढे नाक पुसाल. रुमाल कुठे ठेवता, दुसरा आहे का, आणि नसेल तर किती वेळ निभेल, ते सांगा,” म्हणत ती खरंच कानामागचं पेन काढायची. काका खिसे चाचपायला लागायचे.

कारखान्यात दवाखान्यांचे कपडे धुवायचे. सहा दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि ऑपरेशनची हिरवी कापडं. सकाळी मळकी गाठोडी यायची, आणि धुवून, वाळवून, इस्त्री होऊन, घड्या पडून तीन खेपांत परत जायची. समजाताईने इथली अकरा वर्षं इस्त्रीच्या रोलरवर काढली होती. माणसापेक्षा लांब, तापलेला लोखंडी गोल. एका अंगाने ओली चादर भरवायची, दुसऱ्या अंगाने ती पापडासारखी कडक बाहेर. रोलरची आठवण तिच्या उजव्या मनगटावर होती, आणि त्याहून मोठी पाठीत. डॉक्टरांनी तासन् तास उभं राहायला मनाई केली तेव्हा तिला ऑफिसात खुर्ची मिळाली, आणि खुर्चीबरोबर कुणालाच नको असलेली एक वही.

वहीचं खरं नाव ‘बिझनेस इम्पॅक्ट ॲनालिसिस’. मॅनेजरसाहेब ते एका दमात म्हणायचे आणि मग जरा थांबायचे, टाळ्या पडतील म्हणून. बाकीच्यांसाठी ती ‘बंदची वही’. कुठला विभाग बंद पडला तर कुठल्या दवाखान्याचं काय अडेल, किती वेळ तग धरता येईल, तोवर काय करायचं, कुणाला फोन करायचा, हे सगळं त्यात. वही दरवर्षी ताजी करायची, असं दवाखान्यांना लिहून दिलेलं होतं. साहेबांची ताजी करायची रीत सोपी होती. मुखपृष्ठावरची तारीख खोडायची आणि नवी घालायची.

ती वही समजाताईने पहिल्या दिवशी उघडली, आणि शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट अजून सांगतो, तिने पाच मिनिटं नुसतं तोंड उघडं ठेवलं होतं. ‘किती वेळ तग धरेल’ या रकान्यात वाळवणी यंत्रापुढे लिहिलं होतं ‘वरीलप्रमाणे’. रोलरपुढे वरीलप्रमाणे. बॉयलर, गाड्या, वाटप टेबल, फाटकावरचा पहारेकरी, चहाचं भांडं, सगळं वरीलप्रमाणे. ती बोट वर वर नेत गेली. सगळ्यात वरच्या ओळीत एकेकाळी शिवणकाम विभाग होता, चार तास. तो विभाग तीन वर्षांपूर्वी बंद झाला, तेव्हा कुणीतरी आज्ञाधारकपणे ती ओळच काढून टाकली. म्हणजे आता अख्खा कारखाना वरीलप्रमाणे होता, आणि वर पानाचा मथळा सोडून काहीच नव्हतं. दवाखान्यांना जाणाऱ्या प्रतीत मात्र साहेब अजूनही सगळ्यांपुढे ‘चार तास’ टाइप करून पाठवायचे.

“साहेब, हे चार तास कशाचे?”

“काय आहे ना, बेसिकली,” साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “चार हा चांगला आकडा आहे. कमी नाही, जास्त नाही. वाचणाऱ्याला बरं वाटतं.”

त्या दिवसापासून तिने तो चांगला आकडा धाब्यावर बसवला. आधी विचारून पाहिलं, पण विचारण्यात एक गोची होती. जो तो समजायचा की आकडा जेवढा छोटा तेवढा मान मोठा. “आमच्याशिवाय? एक मिनिट चालणार नाही!” हे गाड्या धुणाराही सांगायचा. चहावाला तर छाती फुगवून म्हणाला, “दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला कारखाना आडवा.”

मग तिने कार्ड केलं. लाल पुठ्ठा, वर जाड अक्षरात ‘हे बंद आहे’. हे कार्ड ज्याच्यावर ठेवलं त्याला हात लावायचा नाही, आणि समजाताई घड्याळ घेऊन शेजारी स्टुलावर. कुठल्याही दवाखान्यापर्यंत झळ पोचायच्या आत कार्ड उचलायचं, हा तिचा पक्का नियम, म्हणून वेळही ती हाताशी सवड असलेलीच निवडायची. चहाचं भांडं बंद ठेवलं तर दीड तास काही झालं नाही. त्यानंतर घडी विभागात दोघींची जुंपली आणि एकीने दुसरीला अभ्र्यांच्या ढिगात ढकललं. समजाताईने लिहिलं, ‘चहा: दीड तास. नंतर भांडणं.’ बॉयलर पन्नास मिनिटं टिकला. आणीबाणीचा म्हणून दिलेला फोन नंबर लावला तर एका केस कापणाऱ्याच्या दुकानात लागला. तिने विचारलं, दरवर्षी कुणी असा फोन करतं का? तो माणूस म्हणाला, नाही, तुम्हीच पहिल्या.

असं करत करत सात महिन्यांत सगळी ‘वरीलप्रमाणे’ खोडून झाली. राहिली एक. वाटप टेबल.

वाटप टेबल म्हणजे वन्सं. समजाताईच्या नवऱ्याची थोरली बहीण, गेली बावीस वर्षं त्या टेबलाची राणी. समजाताईला कारखान्यात चिकटवली तीही वन्संनीच. धुतलेला सगळा माल या टेबलावर यायचा आणि इथून दवाखान्यांप्रमाणे वेगळा व्हायचा. ओळख एकच, प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात घातलेला रंगीत धाग्याचा टाका. पिवळा डोळ्यांच्या दवाखान्याचा, केशरी मुलांच्या, निळा बाळंतिणींच्या. भिंतीवर रंगांचा तक्ताही होता, नऊ वर्षांपूर्वीचा. पण शंभर वेळा उकळलेला केशरी तक्त्याला विचारत नाही. वन्सं कापड न उलगडता, अंगठ्याने कोपरा चोळून सांगायच्या, “हा पिवळा नव्हे गं. हा म्हातारा झालेला केशरी. मुलांकडे टाक. आणि हा पिवळा आहे पण दुहेरी टाक्याचा, म्हणजे भोकाची चादर, डोळ्याच्या ऑपरेशनची. ही चुकली तर तिकडे पेशंट टेबलावर झोपून आढ्याकडे बघत बसेल. कळलं?”

हे ‘कळलं?’ प्रत्येक वाक्याला. आणि कुणाला कळायच्या आत ढीग वेगळे झालेले असायचे.

रविवारी दुपारी वन्सं वरच्या खोलीतून खाली जेवायला यायच्या. समजाताईने वाढता वाढता हळूच विषय काढला. “वन्सं, समजा, तुम्ही एक दिवस आला नाहीत.”

“का? मी मेले?”

“मेल्या नाहीत. ताप आला समजा.”

“मला ताप येत नाही. कळलं? येतो तो तुझ्या नवऱ्याला, वर्षातून चारदा, आणि मग घर डोक्यावर घेतो.”

नवरा ताटात बघत म्हणाला, “मीठ द्या जरा.” मीठ त्याच्या हातापाशीच होतं.

“मला फक्त लिहायचंय हो, तुमचं टेबल तुमच्याशिवाय किती वेळ चालतं ते.”

वन्संनी घास खाली ठेवला. “लिही, लिही. आज किती वेळ ते लिहिशील. उद्या कसं करायचं ते लिहिशील. परवा ते वाचून कुणीही उभं राहील माझ्या जागी, आणि साहेब म्हणतील, ताई, तुम्ही आता आराम करा. बावीस वर्षं मी ताकास तूर लागू दिली नाही ती काय उगाच? आणि ते करणार कोण, तर माझीच भावजय!”

“दिदी, मीठ,” नवरा म्हणाला.

“तुझ्यासमोर आहे की! दोघी भांडायला लागल्या की याला आंधळेपणा येतो.”

समजाताईने मीठ उचलून नवऱ्याच्या ताटात वाढलं. वन्सं म्हणतात त्यात तथ्य होतं. रोलरवरून ऑफिसात आल्यावर तिची स्वतःची जागा तीन दिवसांत भरली गेली होती, आणि तिला ते अजून टोचत होतं.

सोमवारी सकाळी साहेबांनी बोलावलं. समोर वहीचं शेवटचं पान, टाइप केलेलं. ‘वाटप टेबल: चार तास. पर्याय: भिंतीवरील तक्ता.’ खाली ‘तपासून तयार करणारी’ आणि तिच्या सहीला जागा.

“गुरुवारी डोळ्यांच्या दवाखान्याच्या तपासनीस बाई येतायत. आपलं एवढंच पान राहिलं. मी म्हटलं ताईंना कशाला त्रास. करा सही.”

“हे मोजलेलं नाही, साहेब.”

“अहो तक्ता आहे ना भिंतीवर! रंगीत आहे!”

“मोजल्याशिवाय माझं नाव खाली येणार नाही.”

साहेबांचा ‘बेसिकली’ गायब झाला. राग आला की तो आधी जायचा. “ताई, सही करणारे पुष्कळ आहेत. ही वही ज्याला जमत नाही त्याची जागा कुठे, ते तुम्हाला माहीतच आहे. रोलरवर माणूस कमीच आहे.”

तिचा हात आपोआप मनगटावर गेला. मग तिने तोच हात पुढे केला, पान उचललं, दोन घड्या घातल्या आणि पिशवीत टाकलं. “रोलर तर रोलर. पण जायच्या आधी मोजून जाते.” आणि साहेब तोंड मिटायच्या आत बाहेर.

मंगळवारी अकराची खेप निवडली, कारण त्या गाडीला तासाची सवड असते. समजाताई लाल कार्ड घेऊन वाटप टेबलापाशी आली, आणि अख्ख्या कारखान्याने माना वळवल्या. टेबलावर ठेवेल, तक्त्यावर लावेल, असं सगळ्यांना वाटलं. तिने ते वन्संच्या पुढे धरलं.

“मी काय यंत्र आहे?” वन्संचा आवाज बॉयलरपर्यंत गेला.

“यंत्र असतात तर मी विचारत बसले नसते, सरळ ठेवून मोकळी झाले असते. माणूस आहात म्हणून विचारते. साहेबांनी लिहिलंय, तुमच्याशिवाय चार तास आरामात चालेल. मला म्हणाले सही कर. केली नाही. आता तुम्ही नाही म्हणालात तर मी दुपारपासून रोलरवर, आणि ते चार तास दुसऱ्या कुणाच्या सहीने दवाखान्यात जातील.”

“चार तास?” वन्संनी विचारलं.

“चार.”

“आरामात?”

“आरामात हे मी घातलं.”

वन्संनी कार्ड हिसकावलं, टाचणीने स्वतःच्या छातीवर लावलं, भिंतीपाशी स्टूल ओढलं आणि हाताची घडी घालून बसल्या. “लाव तुझं घड्याळ.”

टेबलावर आता वन्संच्या हाताखाली ढीग उचलणाऱ्या दोघी मुली आणि तक्ता. पहिली पाच मिनिटं झकास. निळे ओळखू येत होते. सातव्या मिनिटाला एकीने कोपरा डोळ्यापाशी नेला, मग खिडकीपाशी नेला, मग दुसरीला दाखवला. “पिवळा ना?” “पिवळाच की. तक्त्याशी लावून बघ.” लावला. तक्ताही उन्हाने उडालेला, त्यामुळे दोन्ही तंतोतंत जुळले. मुलांच्या दवाखान्याचा ढीग डोळ्यांच्या गाडीकडे निघाला. वन्संचा पाय जमिनीवर टपटपायला लागला.

नवव्या मिनिटाला साहेब आले. हात मागे बांधून टेबलाभोवती एक फेरी मारली, आणि चेहरा उजळला. “अरे वा! चाललंय की! काय आहे ना, बेसिकली, मी म्हणतच होतो. चार कशाला, आठ तास लिहा! ताई, तुम्ही उगाच बावीस वर्षं दगदग केलीत!”

वन्संच्या मानेवरची शीर फुगली. त्यांनी हाताची घडी आणखी घट्ट केली. समजाताई नंतर नवऱ्याला सांगत होती, मला भीती वाटली की आता त्या स्टुलासकट उडतील.

सोळाव्या मिनिटाला ड्रायव्हरने गाडीचं दार लावलं. समजाताई उठली, गाडीपुढे जाऊन उभी राहिली, वरचं गाठोडं खाली ओढलं आणि साहेबांच्या पुढ्यात उलगडलं. छोट्या छोट्या चादरी. एकीलाही भोक नाही. “डोळ्यांच्या ऑपरेशनला ही पोरांची पांघरुणं चालली होती. सोळा मिनिटं. मोजणी संपली. वन्सं, काढा कार्ड.”

वन्सं हलल्या नाहीत.

“वन्सं, झालं. या टेबलावर.”

वन्सं भिंतीकडे बघत म्हणाल्या, “कुणीतरी सांगा गं माझ्या भावजयीला. जे माणूस नाहीये ते कसं येईल?”

“अहो ताई, गाडी उभी आहे!” साहेब म्हणाले.

“कुणीतरी साहेबांनाही सांगा. नसलेल्या माणसाला ऐकूही येत नाही. आठ तासांनी विचारा.”

मुली तोंडात बोळे कोंबल्यासारख्या फुगल्या. ड्रायव्हरने इंजिन बंद करून खिडकीत कोपर ठेवलं, फुकटचा तमाशा कोण सोडतो. साहेबांनी ढिगातून एक चादर उचलली. “हा पिवळा आहे की केशरी?” उत्तर नाही. दुसरी उचलली. “आणि हा?” वन्संनी डोळे मिटले. साहेबांनी तक्त्याकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, पुन्हा तक्त्याकडे, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सवडीच्या तासातली पंचवीस मिनिटं गेली होती.

समजाताईला कळलं की आता हे तिच्या हातात राहिलेलं नाही. ती वाकली आणि हळू म्हणाली, “वन्सं, पेशंट आहेत तिकडे.”

“मला माहीत आहेत किती आहेत. मंगळवारी सात. अजून पस्तीस मिनिटं आहेत, मी मोजतेय, तू एकटीच नाही मोजत.” मग डोळे उघडून मोठ्याने, “लिहा म्हणावं. माझ्यासमोर. सोळा मिनिटं. आणि खाली लिहा, या दोघी पोरी रोज दोन तास माझ्या शेजारी बसून शिकतील, आणि शिकवणार कोण, तिथे माझा हुद्दा. नुसती ‘टेबलावरची’ नाही. वाटपप्रमुख. मी शिकवलेलं माझ्या नावावर राहिलं पाहिजे. कळलं?”

साहेबांनी समजाताईकडे पाहिलं. तिने पिशवीतून घडी घातलेलं पान काढलं, ‘चार तास’वर आडवी रेघ मारली, ‘सोळा मिनिटं’ लिहिलं, खाली वन्संच्या शब्दांत बाकीचं, आणि सही केली. मग पेन साहेबांपुढे धरलं. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून साहेबांनी सही केली, ती इतकी जोरात की कागद फाटला. वन्संनी टाचणी काढली, उठल्या, आणि अकरा मिनिटांत ढीग लावून गाडी सोडली.

रोलरचं नाव मग साहेबांनी काढलं नाही. पण गुरुवार यायचा होता.

तपासनीस बाई चष्मा साखळीला अडकवलेल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी वही पहिल्यापासून वाचली. ‘नंतर भांडणं’ वाचून किंचित हसल्या. शेवटच्या पानाशी थांबल्या.

“गेल्या वर्षी इथे चार तास होते. आता सोळा मिनिटं? एका वर्षात काय झालं?”

साहेब खाकरले. “काय आहे ना, ते गेल्या वर्षी जरा टायपिंगचं...”

“गेल्या वर्षीचं खोटं होतं,” समजाताई म्हणाली. “त्याच्या आधीचंही. कुणी मोजलंच नव्हतं. हे मी मोजलंय.”

बाईंनी चष्मा खाली सोडला. “बाकीच्या दोन धुलाई कारखान्यांनी मला चार तास दिलेत. हा कागद मी वर कसा दाखवू?”

“जसा आहे तसा दाखवा. आणि त्यांना जाऊन विचारा, मोजलंय का. विचाराल तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघा.”

बाईंनी पानाची प्रत मागितली.

आठ दिवसांनी पत्र आलं. वाटप टेबल किमान दोन तास तग धरेल असं दिसेपर्यंत डोळ्यांच्या दवाखान्याच्या तीनपैकी एक खेप दुसरीकडे जाईल. साहेब ते पत्र हातात घेऊन कारखानाभर फिरले. “बघा! खरं बोलायची हौस! घ्या आता!” घडी विभागात दोन दिवस समजाताईशी कुणी धड बोललं नाही. एक खेप गेली म्हणजे काम गेलं, आणि ते कुणाच्या अंगावर येईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. ती जेवायला एकटी बसली. तिसऱ्या दिवशी वन्सं डबा घेऊन समोर येऊन बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “खोटा आकडा असता तर एक दिवस सहाच्या सहा दवाखाने गेले असते. तेव्हा बोला म्हणावं. कळलं?”

आणि पोरींना त्यांनी असं काही धारेवर धरलं की बॉयलरवाले काका म्हणायचे, तिथे वाफ माझ्यापेक्षा जास्त आहे. डोळे बांधून, अंगठ्याने टाका चोळून दुहेरी की एकेरी ते सांगायचं. रंगासाठी वन्संनी प्रत्येक दवाखान्याच्या नव्या, मध्यम आणि म्हाताऱ्या धाग्याचे तुकडे एका पुठ्ठ्यावर ओळीने शिवले. तो पुठ्ठा नऊ वर्षांच्या तक्त्यावर खिळ्याने ठोकला, आणि ठोकताना तक्त्याबद्दल जे बोलल्या ते इथे लिहिता येणार नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी. वन्सं स्टुलावर, समजाताई घड्याळापाशी, साहेब दारात. निळे गेले, पिवळे गेले, म्हातारे केशरी बरोबर मुलांकडे गेले. अर्धा तास झाला. तास झाला. साहेबांनी मुठी वळल्या होत्या. एक तास दहा मिनिटांवर बाळंतिणींच्या दवाखान्याचे नव्याच टाक्याचे अभ्रे आले, जे पोरींनी कधी पाहिलेच नव्हते, आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

“थांबा,” समजाताई म्हणाली.

साहेब तिच्या शेजारी येऊन वाकले. आवाज मधाळ. “ताई, सोळावरून इथवर आलात. कमाल केलीत. आता पन्नास मिनिटांचाच तर प्रश्न आहे. दोन तास लिहा. खेप परत येईल, पोरी खूश, तुमच्या वन्सं खूश. पुढच्या महिन्यात होतीलच दोन. आधी लिहिलं तर कुणाचं काय बिघडतं?”

वन्सं स्टुलावरून बघत होत्या. पोरी बघत होत्या. खेप परत हवी नव्हती असं त्या खोलीत कुणीच नव्हतं, समजाताईलाही हवी होती.

साहेबांनी आपलं पेन पुढे केलं, सोनेरी टोपणाचं.

“माझ्याकडे आहे,” ती म्हणाली. तिने वहीत तारीख घातली आणि लिहिलं, ‘वाटप टेबल: एक तास दहा मिनिटं. अडलं कशाने: बाळंतिणींचा नवा टाका. पुढची मोजणी: एका महिन्याने.’ खाली सही केली आणि वही साहेबांच्या सहीसाठी त्यांच्याकडे वळवून ठेवली.